विज्ञान-धोरणावर काम करणाऱ्या संस्थेचा पाच वर्षांचा प्लॅन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली बरीच वर्षं छोट्या-मोठ्या संस्थांच्या प्लॅनिंगच्या बैठकांना मी बसतेय, कधी संस्थेची माणूस म्हणून, कधी बाहेरून बोलावलेली म्हणून. पाणी, वीज, आरोग्य, जंगल असे विषय, आणि बैठकीनंतर चहाच्या वेळेला येणारे प्रश्न मात्र ठरलेले. दर वेळी फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकते. कायद्याचं आणि टॅक्सचं जे लिहिलंय ते तुमच्या सीएला दाखवून मगच वापरा, नियम बदलत असतात.

"धोरणात्मक नियोजन" म्हणजे नक्की काय?

पहिली गंमत आपल्या भाषेतच आहे. सरकारचं ते पण धोरण आणि आपण पुढे काय करायचं ते ठरवणं पण धोरणच. त्यामुळे "विज्ञान धोरण संस्थेचं धोरणात्मक नियोजन" असा मथळा फळ्यावर लिहिला की अर्धी माणसं सरकारने काय करावं यावर बोलायला लागतात आणि अर्धी ऑफिसचं भाडं कुठून द्यायचं यावर, आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत कोणाला कळतच नाही की आपण दोन वेगळ्या गोष्टी बोलतोय. म्हणून मी सरळ सरकारच्या त्याला धोरण म्हणते आणि आपल्या त्याला प्लॅन. इथे पण तसंच.

प्लॅन म्हणजे काय तर पुढची काही वर्षं आपण कोणता निर्णय बदलायचा प्रयत्न करणार, त्यासाठी काय तयार ठेवणार, आणि काय अजिबात करणार नाही. तिसरा भाग सगळ्यात अवघड, आणि बहुतेक प्लॅनमधून नेमका तोच गायब असतो.

आम्ही तर विज्ञान प्रसार करतो, शाळांमध्ये प्रयोग दाखवतो. आम्ही धोरणवाले कसे?

कदाचित नाहीच, आणि त्यात काही कमीपणा नाही. महाराष्ट्रात ही परंपरा मोठी आहे, मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून, लोकविज्ञान संघटना १९८० पासून. वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणं हे तर १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीपासून नागरिकाचं मूलभूत कर्तव्यच आहे, कलम ५१अ मध्ये लिहिलंय. पण लोकांना विज्ञान समजावणं वेगळं आणि निर्णय घेणाऱ्याच्या समोर पुरावा ठेवून निर्णय बदलायला लावणं वेगळं. दोन्हीला लागणारी माणसं वेगळी, पैसा वेगळा, वेळेचं गणित तर पूर्णच वेगळं.

ओळखायची सोपी खूण सांगते. "आमचं काम यशस्वी झालं तर कोणाची सही बदलेल?" याचं उत्तर देता आलं तर तुम्ही धोरणावर काम करताय. सही म्हणजे मंत्र्याचीच असं नाही हं, जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याची असेल, ग्रामसेवकाची असेल. उत्तर "कोणाचीच नाही, पण मुलांना मजा येईल" असं असेल तर तेही झकास काम आहे, फक्त त्याला धोरणाचा प्लॅन लावू नका.

प्लॅन तीन वर्षांचा करायचा की पाच?

फंडर तीन म्हणतो, ट्रस्टी पाच म्हणतात, आणि विषय स्वतः दहा-पंधरा वर्षं घेतो.

गडचिरोलीचं उदाहरण बघा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 'सर्च' ही संस्था १९८६ च्या सुमारास सुरू केली. मोजणी केली तेव्हा तिथल्या गावांत हजार जन्मांमागे १२१ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. १९९५ पासून गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळाची काळजी घ्यायचा प्रयोग, शेजारच्या गावांशी तुलना करून, नीट नोंदी ठेवून. १९९९ ला तो 'लॅन्सेट'मध्ये छापून आला, तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचं त्यात होतं. आणि देशभर आशा ताईंनी बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळ बघायचं हा सरकारी कार्यक्रम कधी आला? २०११ ला. म्हणजे जगातल्या नावाजलेल्या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आल्यावर सुद्धा बारा वर्षं. मधल्या काळात हाच प्रयोग महाराष्ट्रात दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या संस्थांच्या हातून चालतो का हे पण बघितलं गेलं, कारण "गडचिरोलीत बंग आहेत म्हणून जमलं" हा आक्षेप येणारच होता.

म्हणून माझं मत असं की दिशा दहा वर्षांची ठेवा, प्लॅन पाचचा लिहा, पैशाचं आणि माणसांचं गणित तीनचं करा आणि दर वर्षी एक दिवस बसून ते दुरुस्त करा. फंडरला तीन वर्षांचं पान फाडून द्यायचं.

आमचा रिपोर्ट चांगला होता, शास्त्रज्ञांनी कौतुक केलं, पण पुढे काहीच झालं नाही. असं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, त्यामुळे इथे जरा जास्त बोलते.

बियाणं कितीही भारी असलं तरी वाफसा (म्हणजे पेरणीला योग्य अशी जमिनीतली ओल) नसताना पेरलं तर कुजतं नाहीतर वाळतं, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. धोरणाला पण वाफसा असतो. तो थोडे दिवस असतो, कधी येईल हे आपल्या हातात नसतं, आणि आला की तेव्हा बियाणं शोधायला बाजारात जाऊन उपयोग नाही, ते आधीच घरात पाहिजे. प्लॅन म्हणजे मुख्यतः ही घरातली तयारी.

बीटी वांग्याचं, म्हणजे कीड लागू नये म्हणून जनुकं बदललेल्या वांग्याचं आठवा. केंद्राच्या समितीने ऑक्टोबर २००९ ला त्याच्या लागवडीला हिरवा कंदील दिला, तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश म्हणाले की मी आधी लोकांचं ऐकतो, आणि जानेवारी-फेब्रुवारी २०१० मध्ये सात शहरांत सुनावण्या झाल्या, त्यातली एक आपल्या नागपुरात. ९ फेब्रुवारीला स्थगिती जाहीर. सुनावण्या धरून पूर्ण खेळ महिन्याभराचा. स्थगिती बरोबर होती की चूक यावर आजही भांडणं होतात, तो वाद इथे नको. पण त्या महिन्यात कोणी नवा अभ्यास सुरू करून संपवू शकणार होतं का? ज्यांच्याकडे कागद आधीच तयार होते तेच नीट बोलू शकले, मग ते बाजूने असोत की विरोधात.

आता केंद्र सरकारचं २०१४ चं धोरण आहे की कायद्याचा मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवावा. ते बंधनकारक नाही आणि दर वेळी पाळलंही जात नाही, पण समजा पाळलं तरी ३० दिवस म्हणजे किती? माझ्या माहितीतल्या एका संस्थेला त्यांच्याच विषयाचा मसुदा सव्विसाव्या दिवशी व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड होऊन मिळाला. पाच माणसं चार रात्री जागली, पाठवलेलं उत्तर अठरा पानी, आणि मुख्य मुद्दा चौदाव्या पानावर. तहान लागल्यावर विहीर खणायची म्हणतात ते हेच.

कधी कधी तोच वाफसा परत परत येतो, हे पण लक्षात ठेवा. पश्चिम घाटाचं घ्या. घाटाचं पर्यावरण कसं राखायचं यावर नेमलेल्या माधव गाडगीळ यांच्या समितीने अहवाल ऑगस्ट २०११ ला दिला, तो लोकांसमोर यायला मे २०१२ उजाडला. मग कस्तुरीरंगन समिती, तिचा अहवाल एप्रिल २०१३. मग मार्च २०१४ ला पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राचा पहिला मसुदा, आणि तेव्हापासून मसुदा निघतोय, मुदत संपतेय, परत निघतोय, ३१ जुलै २०२४ चा मसुदा सहावा होता. सहा राज्यांतलं मिळून ५६ हजार चौरस किलोमीटरच्या वर क्षेत्र, त्यात महाराष्ट्राचं १७,३४०, गोव्याचं १,४६१. दर वेळी हरकती आणि सूचनांना ६० दिवस. ज्या संस्थेने पहिल्या वेळचे गावांचे नकाशे, पाण्याच्या नोंदी, ग्रामसभांचे ठराव जपून ठेवून दर वर्षी थोडे थोडे ताजे केले तिला सहाव्या वेळी पंधरा दिवस पुरले असते. ज्यांनी दर वेळी कोऱ्या पानापासून सुरुवात केली त्यांचं काय झालं असेल ते तुम्हीच बघा.

तर प्लॅनमध्ये प्रत्येक विषयापुढे तीन गोष्टी लिहून ठेवा. वाफसा कुठून येऊ शकतो (बजेट, मसुदा, कोर्टाचा निकाल, दुष्काळ, एखादी दुर्घटना), आला तर पहिल्या आठ दिवसांत आपण काय देणार, आणि ते आज तयार आहे का. बहुतेक ठिकाणी तिसरं उत्तर "नाही" येतं, मग तेच तुमचं पुढच्या वर्षाचं काम.

पण वाफसा कधी येणार हे कळायचं कसं?

दुर्घटना आणि निकाल सांगून येत नाहीत. बाकीचं बरंचसं कॅलेंडरवर असतं की. केंद्राचं बजेट १ फेब्रुवारीला, पण खात्यांकडून आकडे मागवणं त्याच्या कितीतरी आधी, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतं, त्यामुळे जानेवारीत निवेदन घेऊन गेलात तर चहा मिळेल फक्त. राज्याचं बजेट साधारण मार्चमध्ये. विधिमंडळाची पावसाळी बैठक मुंबईत, हिवाळी नागपुरात डिसेंबरच्या आसपास, आणि तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी यावी असं वाटत असेल तर आमदारांच्या पीएकडे कागद त्याच्या बराच आधी गेला पाहिजे. संसदेच्या स्थायी समित्या विधेयक हातात आलं की बहुतेक वेळा जाहिरात देऊन लोकांची मतं मागवतात, तिकडे मात्र कोणी फिरकत नाही. ऑफिसच्या भिंतीवर गणपती-दिवाळीच्या शेजारी हे पण लिहा.

विषय किती घ्यावेत?

चार-पाच पगारी माणसं असतील तर दोन. खरंच दोन. मी एका संस्थेच्या भिंतीवर एकोणीस विषय मोजलेत, हवामान बदलापासून ते शाळेच्या दप्तराच्या वजनापर्यंत, आणि स्टाफ सहा. एक ना धड भाराभर चिंध्या. प्रत्येक विषयाच्या मागे कोणीतरी ट्रस्टी किंवा एखादा जुना फंडर उभा असतो म्हणून कापायला जीव होत नाही, पण कापावं लागतं.

निवडताना मी विचारते: यात आपल्याकडे असं काय आहे जे दुसऱ्या कोणाकडे नाही? स्वतःचा डेटा, एखाद्या तालुक्यातली वीस वर्षांची ओळख, एखादी दुर्मिळ विद्या. पुण्यातली अ‍ॅक्वाडॅम हे छान उदाहरण आहे. भूजल हा एकच विषय, त्यातही खडकांमधले पाणी धरून ठेवणारे थर, म्हणजे जलधर (ॲक्विफर), समजून घ्यायचे. तो धागा धरून ठेवला म्हणूनच बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या वेळी नियोजन आयोगाच्या भूजलाच्या कार्यगटाचं अध्यक्षपद त्यांच्या हिमांशू कुलकर्णींकडे आलं आणि जलधरांचे नकाशे देशभर करायचा कार्यक्रम त्या योजनेत आला. एकोणीस विषय असते तर कोणी बोलावलं असतं का?

बैठक कुठे घ्यावी, किती दिवस, कोणाला बोलवावं?

डोंगरावरच्या रिसॉर्टला जाऊ नका, असं माझं वैयक्तिक मत. पहिला दिवस नाश्ता आणि ओळखपाळखीत जातो, दुसऱ्या दिवशी सगळ्यांना पॉइंट बघायचा असतो, आणि रंगीत चिठ्ठ्यांचे फोटो पुढे कोणाच्या तरी फोनमध्ये राहतात. त्यापेक्षा ऑफिसमध्येच, महिन्या-दीड महिन्यात चार वेगवेगळे दिवस, मध्ये पंधरा दिवसांचं अंतर. मधल्या वेळेत माणसं फोन करतात, आकडे शोधतात, रागावलेली शांत होतात.

ट्रस्टी, स्टाफ (अकाउंट बघणाऱ्या ताई सुद्धा, त्यांनाच खरं माहीत असतं की पैसे कुठे गेले), गावात काम करणारे दोन-तीन, आणि एक रिटायर झालेला सरकारी अधिकारी. हा शेवटचा फार उपयोगी. नोकरीत असताना जे बोलला नसता ते सगळं सांगतो, कोणती फाईल कुठे अडते, कक्ष अधिकाऱ्याने (मंत्रालयात फाईल लिहिणारा तो) टिपणीत एक वाक्य काय लिहिलं की सचिवापर्यंत काही पोचतच नाही, वगैरे.

व्हिजन, मिशन लिहायलाच हवं का?

फंडरच्या फॉर्ममध्ये रकाना असतो म्हणून लिहा. एका बैठकीत "सक्षमीकरण" की "सबलीकरण" यावर तीन तास गेलेले मी पाहिलेत आणि शेवटी दोन्ही शब्द ठेवले. अर्धा तास द्या, पुढे चला.

आमच्याकडे शास्त्रज्ञ आणि कार्यकर्ते यांचं पटत नाही. शास्त्रज्ञ म्हणतात "अजून डेटा हवा", कार्यकर्ते म्हणतात "लोक मरतायत". काय करायचं?

दोघंही बरोबर असतात, हीच अडचण आहे. मी एक पद्धत वापरते ती अशी की प्रत्येक दाव्याला तीन खण करायचे: हे आम्ही छातीठोकपणे सांगू, हे "पुरावा या दिशेने आहे" असं सांगू, आणि हे अजून बाहेर बोलायचं नाही. कोणता दावा कुठल्या खणात हे शास्त्रज्ञांनी ठरवायचं, आणि पहिल्या खणातलं केव्हा आणि किती मोठ्याने बोलायचं हे कार्यकर्त्यांनी. प्लॅनमध्येच हे लिहून ठेवा, नाहीतर टीव्हीवाल्याचा फोन आला की भांडण सुरू.

एकदा आकडा चुकला की पुढची दहा वर्षं तोच तोंडावर मारला जातो, आणि आकडा टिकला तर किती टिकतो हे पण बघा. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायरन्मेंटने २००३ ला कोल्ड्रिंकमध्ये कीटकनाशकांचे अंश असल्याचा रिपोर्ट काढला, समोर जगातल्या बलाढ्य कंपन्या, त्यांनी प्रयोगशाळेवरच शंका घेतली. संसदेची संयुक्त समिती बसली, अध्यक्ष शरद पवार, आणि फेब्रुवारी २००४ ला त्या समितीने निष्कर्ष बरोबर असल्याचं सांगितलं. संस्थेने स्वतःची लॅब उभी करण्यावर आधीच खर्च केला होता म्हणून हे निभावलं. तसंच नव्वदीच्या दशकात दाभोळच्या एन्रॉन वीज प्रकल्पाबद्दल पुण्याच्या 'प्रयास' संस्थेच्या ऊर्जा गटातल्या मंडळींनी केलं, घोषणा न देता वीजखरेदी कराराचं गणित मांडून दाखवलं की ही वीज महाग पडणार. २००१ ला वीज मंडळाने ती वीज घेणंच थांबवलं.

काम दिल्लीत करायचं, मुंबईत की जिल्ह्यात?

सही जिथे होते तिथे. आपल्याकडे धोरण म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यापुढे दिल्ली येते, पण सार्वजनिक आरोग्य, शेती, पाणी हे मुख्यतः राज्याचे विषय, आणि राज्यात कायद्यापेक्षा शासन निर्णयाने, म्हणजे जीआरने, कितीतरी गोष्टी हलतात. कायदा झाला म्हणजे काम झालं असंही नाही. महाराष्ट्राचा भूजल कायदा नावाने २००९ चा आहे, अंमलात आला २०१४ ला, आणि त्याच्या नियमांचा मसुदा लोकांसमोर आला २०१८ ला. ज्या संस्थेने "कायदा मंजूर" इथे प्लॅन संपवला असेल तिचं खरं काम तिथून सुरू व्हायचं होतं.

जिल्हा नियोजन समिती, ग्रामपंचायतीचा विकास आराखडा, हे लोक विसरतात. आणि काही जागा अशा आहेत जिथे तुमचं ऐकणं त्यांना कायद्यानेच भाग आहे, उदाहरणार्थ २००३ च्या वीज कायद्यानुसार दर ठरवण्याआधी वीज नियामक आयोगाला हरकती-सूचना विचारात घ्याव्या लागतात. 'प्रयास', मुंबई ग्राहक पंचायत अशा संस्था तिथे ग्राहकांच्या प्रतिनिधी म्हणून अधिकृतपणे उभ्या राहिल्या आहेत. मंत्र्याच्या केबिनबाहेर चार तास बसण्यापेक्षा अशी एखादी खुर्ची आपल्या विषयात आहे का ते आधी शोधा.

पैसा. सीएसआर मिळेल का? परदेशी फंड?

सीएसआरचं, म्हणजे कंपन्यांनी नफ्यातून समाजासाठी करायच्या खर्चाचं गणित: कंपनी कायदा २०१३, कलम १३५. ज्या कंपनीची नेटवर्थ ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी किंवा त्याच्या वर, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करायचे. तुम्हाला सीएसआर-१ फॉर्म भरून नंबर घ्यावा लागतो. पण त्याच कायद्याच्या सातव्या परिशिष्टाच्या यादीत शिक्षण, आरोग्य, पर्यावरण आहे, "सरकारी धोरणाचा अभ्यास" असा रकाना नाही. त्यामुळे धोरणाचं काम शिक्षण किंवा पर्यावरणाच्या रकान्यात बसवावं लागतं, आणि सीएसआर मॅनेजरला फोटो हवे असतात, मुलं, झाडं, टाकी. कक्ष अधिकाऱ्याच्या टिपणीचा फोटो काय काढणार? आणि ते "ॲडमिन ५ टक्क्यांच्या वर नको" सांगतात ना, ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या खर्चावर आहे, तुमच्यावर नाही. नम्रपणे सांगून बघा.

परदेशी पैसा म्हणजे एफसीआरए, परदेशी देणग्यांचा कायदा. २०२० च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली, तो पैसा दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, आणि पहिलं खातं स्टेट बँकेच्या नवी दिल्लीच्या मुख्य शाखेतच. एक गोष्ट मात्र संशोधन करणाऱ्यांनी नीट वाचावी: ज्यांचं मुख्य काम संशोधन किंवा प्रशिक्षण आहे अशा संस्थेत प्रशिक्षण देणाऱ्या किंवा फील्ड डेटा गोळा करणाऱ्या, त्याचं विश्लेषण करणाऱ्या माणसांचे पगार प्रशासकीय खर्चात धरले जात नाहीत, नियमातच आहे तसं. कित्येक जण हे न वाचता उगाच माणसं कमी करत बसतात.

आणि एका खांबावर तंबू उभारू नका. दिल्लीचं सेंटर फॉर पॉलिसी रिसर्च, १९७३ पासूनची संस्था, त्यांची एफसीआरए नोंदणी २०२३ ला स्थगित आणि जानेवारी २०२४ ला रद्द झाली. एवढ्या जुन्या संस्थेचं हे होऊ शकतं तर आपलं काय. मी प्रत्येक प्लॅनमध्ये एक पान लिहायला लावते: "सगळ्यात मोठा फंड उद्या बंद झाला तर सहा महिने कोण टिकेल, काय टिकेल." हे पान लिहिताना खोलीत शांतता होते, पण लिहाच.

गंगाजळी जमवायला टॅक्सची अडचण अशी की ८५ टक्के उत्पन्न त्याच वर्षी खर्च करावं लागतं, १५ टक्के मागे ठेवता येतं, त्याहून जास्त ठेवायचं तर कारण आणि मुदत सांगून फॉर्म भरायचा. कॉर्पससाठी (कायमच्या ठेवीसाठी) वेगळी देणगी मागा. आणि सल्ला देऊन फी घेत असाल तर जपून. "सामान्य जनहित" या प्रकारात मोडणाऱ्या संस्थेला धंद्यासारखं उत्पन्न एकूण जमेच्या २० टक्क्यांपर्यंतच चालतं. नवा इन्कम टॅक्स कायदा १ एप्रिल २०२६ पासून आहे, कलमांचे नंबर बदललेत, जुने तक्ते पुसून टाका.

केंद्र सरकारच्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचे पाच वर्षांचे ५०,००० कोटी ऐकून काही जण बजेट बनवायला बसतात. ते मुख्यतः विद्यापीठं आणि प्रयोगशाळांमधल्या संशोधनासाठी आहेत. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी.

सरकारवर टीका करणं, आमदारांना भेटणं, हे संस्थेला चालतं का?

पुरावा घेऊन भेटणं, निवेदन देणं, सुनावणीत बोलणं, माहिती अधिकारात कागद मागणं, सगळं चालतं. पक्षाचा प्रचार नाही, पक्षाला पैसा नाही. तुमच्या ट्रस्टच्या उद्देशांमध्ये संशोधन, अभ्यास, जनजागृती असे शब्द आहेत का ते काढून बघा. कित्येकांची घटना पस्तीस वर्षांपूर्वी कोणाच्या तरी मामाने दुसऱ्या ट्रस्टवरून उतरवलेली असते आणि त्यात "धर्मशाळा बांधणे" असतं. आणि विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, तो नसला की बँक, फंडर, सगळं अडतं.

रिपोर्ट मराठीत करायचा की इंग्रजीत?

दोन्हीत. पण भाषांतराला शेवटी उरलेले पैसे नाही, पहिल्या दिवसापासून वेगळं बजेट. २०२० ला पर्यावरण परिणाम मूल्यमापनाच्या अधिसूचनेचा मसुदा आला तेव्हा दिल्ली हायकोर्टाला सांगावं लागलं की राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या भाषांमध्ये तो करून द्या आणि मुदत पण वाढवली गेली, ११ ऑगस्टपर्यंत. गाडगीळ समितीच्या अहवालाच्या वेळी कोकणातल्या कितीतरी गावांपर्यंत अहवाल पोचायच्या आधी "घर बांधता येणार नाही, विटा काढता येणार नाहीत" अशा अफवा पोचल्या. गाडगीळ स्वतः सांगत राहिले की अहवाल लोकांच्या भाषेत ग्रामसभांसमोर ठेवा.

मंत्रालयातली टिपणी मराठीत लिहिली जाते. तुमचा मुद्दा तिथे जसाच्या तसा उतरवता येईल असं एक पान मराठीत दिलंत तर कक्ष अधिकारी तुमचे आभारच मानतील. शब्द मात्र शासनाचे वापरा, "ॲक्विफर" लिहून पुढे आपलं मनचं भाषांतर नको, भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश असतात ते बघा, आणि कोशातला शब्द गावात कोणालाच कळत नसेल तर गावच्या पानावर गावचा शब्द.

इम्पॅक्ट कसा दाखवायचा? फंडर आकडे मागतो.

"आमच्यामुळे धोरण बदललं" असं कधीच लिहू नका. एकतर ते खरं नसतं, आणि ज्या अधिकाऱ्याने खरंच मदत केली तो दुखावतो, पुढच्या वेळी दार उघडत नाही. केरळच्या सायलेंट व्हॅलीचं धरण रद्द झालं आणि १९८४ ला ते राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं त्यात केरळ शास्त्र साहित्य परिषदेच्या अभ्यासाचा मोठा वाटा होता, पण कवी, पक्षीतज्ज्ञ, पंतप्रधान, सगळेच त्यात होते. वाटा सांगा, मालकी नको.

एक साधी वही ठेवा. तारीख, कोणाला भेटलो, काय दिलं, त्यांनी काय विचारलं, नंतर आपलं वाक्य किंवा आकडा कुठे दिसला: जीआरमध्ये, विधानसभेच्या उत्तरात, कोर्टाच्या निकालात. पाच वर्षांनी हीच वही तुमचा पुरावा. कार्यक्रमाला किती लोक आले हे पण लिहा हवं तर, पण त्याने सही बदलत नाही.

अधिकारी बदलला, सगळं पाण्यात गेलं. आता?

ओळख एकाच माणसाशी होती ना? सचिव दोन-तीन वर्षांत जातो, कधी आठ महिन्यांत. कक्ष अधिकारी, तांत्रिक अधिकारी, जिल्ह्यातले भूवैज्ञानिक त्यापेक्षा जास्त टिकतात आणि फाईल तेच लिहितात. भेटीनंतर दोन दिवसांत लेखी पत्र द्या, आवक क्रमांक घ्या. माणूस जातो, आवक क्रमांक राहतो.

आमचे संस्थापक सगळं स्वतःच बघतात. प्लॅनमध्ये हे कसं लिहायचं?

जपून. त्यांच्यासमोर "दुसरी फळी" म्हटलं की काही जण दुखावतात. मी असं विचारते, "सर, पुढच्या सुनावणीला तुम्ही आजारी असाल तर कोण बोलेल?" मग नाव निघतं. त्या माणसाला पुढच्या तीन सुनावण्यांना पाठवायचं, सर मागच्या रांगेत. एका ठिकाणी सर मागच्या रांगेतून चिठ्ठ्या पाठवत होते, पण ते चालायचंच.

आम्ही तीनच माणसं आहोत, एक अर्धवेळ. आम्हाला हे सगळं झेपेल का?

सगळं नाही झेपणार. एक कागद घ्या, पाठपोट. पुढच्या बाजूला: एक विषय, कोणाची सही, वाफसा कुठून येईल, आपल्याकडे काय तयार आहे आणि काय नाही, कोणते तीन दावे छातीठोकपणे सांगू. मागच्या बाजूला: या वर्षी कोणाला "नाही" म्हणणार त्यांची नावं, आणि पगाराचे पैसे कोणत्या महिन्यापर्यंत आहेत. तो महिना मोठ्या अक्षरात लिहा. कागद कपाटात नको, चहाच्या किटलीच्या वर चिकटवा.